ग्वाल्हेर, दोन रात्री: गुणपत्रिका

इंदूरच्या माणसाने हवापालटाला ग्वाल्हेरला जावं हे आमच्या घरात जरा वावगंच. सासऱ्यांचे आजोबा होळकरांच्या फडावर कारकून होते. त्यांची पितळी दौत अजून देवघराच्या फळीवर आहे आणि दसऱ्याला तिला हळदकुंकू लागतं. त्यामुळे थोरल्या वन्संना मी म्हटलं, "चला, दोन रात्री ग्वाल्हेरला जाऊन येऊ," तेव्हा त्या आधी गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "शिंद्यांकडे? १८०१ साली त्यांच्या सर्जेराव घाटग्याने आपलं इंदूर लुटलं, ते विसरलीस वाटतं."

वन्सं बहात्तर वर्षांच्या आहेत, पण १८०१ सालाबद्दल अशा बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्याच घरातली भांडी गेली. त्याच वर्षी, आणि घाटग्यांच्या आधी, यशवंतराव होळकरांनी शिंद्यांचं उज्जैन लुटलं होतं हे मी काढलं नाही. निघायच्या वेळी भांडू नये.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, लाल पेन काही सुटलेलं नाही. म्हणून पुढे जागोजागी गुण दिलेत, शंभरपैकी. तिकिटांचे दर मात्र देत नाही, ते बदलत राहतात. प्रमाण सांगते, ते टिकतं. राजवाड्याचं तिकीट सगळ्यांत महाग. किल्ल्यावरच्या मानमंदिराचं त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आणि ज्या गोष्टीसाठी मी खरं तर गेले होते तिला तिकीटच नाही. आनंदाचा क्रम बरोबर उलटा लागला. व्यस्त प्रमाण मुलांना मी मजूर आणि दिवसांच्या उदाहरणाने शिकवत आले, आता वाटतं ग्वाल्हेरला सहल काढली असती तर एका दिवसात कळलं असतं.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. रात्रीच्या गाडीने गुना-शिवपुरीवरून सकाळी पोचायचं, असा बेत. शिवपुरीच्या पुढे धुकं लागलं ते असं की खिडकीबाहेर कुणीतरी धुतलेलं धोतर वाळत घातलंय असं वाटावं. तीन तास उशीर. इंदुरात आपण ज्याला थंडी म्हणतो ती ग्वाल्हेरच्या थंडीची धाकटी मावसबहीण, एवढं लक्षात ठेवून लोकरीचे मोजे घ्या. आम्ही एकच जोड नेला होता. तो वन्संच्या पायात होता.

उतरलो ते स्टेशनजवळच्या एका लॉजवर. नाव लिहीत नाही, कारण तिथला पोरगा बिचारा गुणी होता आणि गीझरवर त्याचं काही चालत नव्हतं. गरम पाणी सकाळी सात वाजेपर्यंतच, आणि ही गोष्ट आम्हाला आठ वाजता सांगण्यात आली. चादरी स्वच्छ, रजया जड. ३५ गुण होतात, पोराचे ५ वाढवून ४०.

न्याहारीला वन्संनी पोहे मागितले. मिळाले नाहीत असं नाही, पण वर शेव नाही, जिरावण मसाला नाही, वाफेवर ठेवलेले नाहीत. वन्संनी एक घास घेऊन चमचा बशीत आडवा ठेवला. इंदूरकराने इंदूरबाहेर पोहे मागू नयेत, मन दुखतं. ग्वाल्हेरला सकाळी खायची ती बेडई. उडदाच्या डाळीचं सारण भरलेली, फुगलेली, जाडसर पुरी आणि सोबत द्रोणात बटाट्याची पातळ, तिखट भाजी. तिच्या मागून जिलेबी. दुसऱ्या दिवसापासून आम्ही हेच केलं आणि पोह्यांचं नाव काढलं नाही. ८५. पंधरा कापले कारण दुपारी चारपर्यंत भूक लागत नाही आणि जेवणाचा सगळा बेत बिघडतो.

पहिल्या दिवशी उरलेल्या वेळात राजवाडा उरकला. उरकला हा शब्द मुद्दाम लिहिला, आणि त्यात राजवाड्याचा दोष नाही. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये जयविलास पुरा करवून घेतला, आराखडा मायकेल फिलोजचा. इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात यायचा होता, त्याच्यापुढे कमी पडू नये म्हणून ही सगळी धावपळ. पाहुणा येणार म्हणून घराला रंग काढतात त्यातलाच प्रकार, फक्त घर चारशे खोल्यांचं. त्यातल्या चाळीसेक खोल्यांत १९६४ पासून जिवाजीरावांच्या नावाने संग्रहालय आहे. शिंदे कुटुंब उरलेल्या भागात अजून राहतं. जिन्याचा कठडा स्फटिककाचेचा. वन्सं पदर घट्ट लपेटून, हात अंगाशी घेऊन तो जिना पाहत उभ्या होत्या. लहानपणी मामाच्या घरी काचेचं कपाट असायचं ना, तशा.

दरबार हॉलमधली दोन झुंबरं हा तिथला मुख्य अंक. एकेक साडेतीन टनांचं. छत ती पेलेल का हे बघायला आधी छतावर हत्ती चढवले, ही गोष्ट तुम्हाला दारापासून तीन माणसं सांगतील. कुणी आठ हत्ती म्हणतं, कुणी दहा. मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. आठ हत्ती, प्रत्येकी चार टन धरा, बत्तीस टन. झुंबरं दोन मिळून सात टन. म्हणजे लागतो त्याच्या साडेचार पट भार घालून पाहिला. गोष्ट खरी असेल तर फिलोजसाहेब वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा असला पाहिजे. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने माझं पुटपुटणं ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही इंजिनिअर का?" वन्सं म्हणाल्या, "नाही, ती अशीच आहे."

जेवणाच्या टेबलावर रूळ टाकलेले आणि त्यावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे. डब्यांत मद्याच्या सुरया आणि सिगार. सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते. सगळे पर्यटक इथे सर्वांत जास्त वेळ थांबतात आणि मीही थांबले, खोटं कशाला सांगू. वन्संचा प्रश्न मात्र सरळ होता: "एवढ्या मोठ्या घरात पंगतीला वाढायला माणसं नव्हती का?"

मराठ्यांच्या इतिहासाचं एक वेगळं दालन २०२२ मध्ये झालंय. वन्संनी आत शिरल्या शिरल्या होळकर शोधले. सापडल्यावर चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. भाच्याच्या लग्नपत्रिकेत आपलं नाव छापलंय हे पाहून झालं, आता बाकीचं नाही वाचलं तरी चालेल, असा तो भाव होता. बाहेर पडताना मात्र महादजींच्या चित्रापुढे थांबल्या. "हा माणूस मोठा होता हो," म्हणाल्या. पुण्यात वानवडीला महादजींची छत्री आहे, तिथे त्या लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला गेल्या तेव्हा गेल्या होत्या. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी तिथेच वारले. तेव्हा ग्वाल्हेर शिंद्यांच्या ताब्यात होतं, पण राजधानी उज्जैन. ग्वाल्हेरला बस्तान हलवलं ते दौलतरावांनी, १८१० मध्ये. किल्ल्याखाली फौजेचा तळ पडला आणि उठलाच नाही. त्या तळाचं गाव झालं, म्हणून त्या भागाला आजही लष्कर म्हणतात.

राजवाड्याला ६५. व्यवस्था चोख, मांडणी नेटकी. पण झुंबरं, गालिचे, बग्ग्या, पेंढा भरलेले वाघ यांच्या पंचविसाव्या खोलीनंतर मला एकच दिसायला लागतं की हे सगळं पुसायला माणसं किती लागत असतील. ही माझी खोड. तुम्हाला श्रीमंती बघायला आवडत असेल तर वीस गुण वाढवून घ्या.

दुसऱ्या दिवशी किल्ला, आणि इथे नीट वाचा, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात.

किल्ल्याला दोन वाटा आहेत. पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने गाडी थेट वर जाते. पूर्वेची ग्वाल्हेर दरवाज्याची वाट पायी चढायची. सगळे गाडीने वर जातात, गाडीनेच खाली येतात, आणि पूर्वेच्या वाटेवर काय आहे हे त्यांच्या गावीही नसतं. वन्संच्या गुडघ्यांना चढ जमत नाही, उतार कठड्याला धरून जमतो. म्हणून आम्ही टॅक्सीने वर गेलो, पायी खाली उतरलो, आणि ड्रायव्हरला खाली दरवाज्याशी येऊन थांबायला सांगितलं. त्याने पन्नास रुपये जास्त घेतले. एवढ्या सत्कारणी लागलेले पन्नास रुपये माझ्या वहीत दुसरे नाहीत.

उरवाईच्या घाटात दोन्ही बाजूंच्या कड्यात जैन तीर्थंकरांच्या मूर्ती कोरल्या आहेत, पंधराव्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळच्या. सगळ्यांत उंच आदिनाथ सत्तावन्न फुटांचे. बाबराच्या हुकुमाने पुष्कळ मूर्तींचे चेहरे फोडले गेले, पुढे काहींना पुन्हा चेहरे घडवून दिले. धुक्यात आम्हाला फक्त पावलं दिसली, गुडघ्यापर्यंत. वर सगळं पांढरं. वन्संनी चप्पल काढून तिथूनच नमस्कार केला.

मानमंदिरापाशी पोचलो तेव्हाही धुकं होतं. तिकिटाच्या खिडकीपासून दहा पावलांवर एवढा थोरला वाडा, आणि दिसत नव्हता. मग साडेनऊच्या सुमारास ऊन फुटलं आणि आधी निळा रंग बाहेर आला. भिंत मागाहून. राजा मानसिंह तोमरचा हा वाडा, १४८६ ते १५१६ त्याची कारकीर्द, आणि त्या भिंतींवर बसवलेल्या निळ्या-पिवळ्या-हिरव्या फरश्या अजून कालच भट्टीतून काढल्यासारख्या आहेत. केळीची झाडं, हत्ती, आणि सगळ्यांत गंमत म्हणजे पिवळ्या बदकांची रांग. दगडी किल्ल्याच्या दर्शनी भिंतीवर बदकं काढायला सांगणारा राजा मला आवडला. आत नाजूक जाळ्यांचे चौक आहेत. खाली तळघरं आहेत, पुढे मोगलांनी त्यांचा तुरुंग केला. औरंगजेबाचा भाऊ मुराद याच किल्ल्यावर कैदेत होता आणि १६६१ मध्ये इथेच मारला गेला. तळघरात मी एकटी उतरले. वन्सं वर उन्हात बसल्या आणि मी येईपर्यंत त्यांनी भिंडहून आलेल्या एका कुटुंबाची सगळी सोयरीक समजून घेतली होती. मानमंदिराला ९०.

सासबहूचं देऊळ म्हणजे खरं तर सहस्रबाहूचं. नावाचा अपभ्रंश होत होत विष्णू बाजूला राहिला आणि सासूसून आल्या. मोठं देऊळ १०९३ मधलं, कच्छपघात राजा महिपालाने पुरं केलेलं. "नणंद-भावजयीचं का नाही?" वन्संनी विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं, "एका आवारात मावल्या नसत्या." तेली का मंदिर त्याहून तीनेकशे वर्षांनी जुनं, जवळजवळ तीस मीटर उंच. त्याचं शिखर नेहमीसारखं निमुळतं होत जात नाही. वर जुन्या पेटाऱ्याचं कमानदार झाकण ठेवल्यासारखं आडवं आहे. मी नुसती बघत राहिले, गुण द्यायचे राहूनच गेले.

जेवण गुरुद्वाऱ्यात. जहांगीराने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना या किल्ल्यावर कैद केलं होतं. सुटका झाली तेव्हा ते एकटे बाहेर पडायला तयार नव्हते. अंगरख्याला धरून बावन्न राजांना सोबत घेऊन आले, अशी कथा आहे. म्हणून नाव दाता बंदी छोड. पंगतीत बसलो, पोळी, डाळ, एक भाजी, खीर. वाढणारा मुलगा "बीजी, परशादा" म्हणत दोन्ही ओंजळीत पोळी देत होता आणि वन्सं तीन पोळ्या जेवल्या, घरी दीड. फुकट आणि पोटभर. मी म्हटलं ना, व्यस्त प्रमाण. जेवून वन्संनी अर्धा तास लसूण सोलला. मला बसू दिलं नाही, म्हणाल्या, "तुझी सोललेली लसूण मी पाहिली आहे."

मग उतार. हत्ती पोळ या दरवाज्यातून बाहेर पडलं की फरसबंदी वाट वळत वळत खाली जाते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली जुनं ग्वाल्हेर पसरलेलं. दुपारचं ऊन, माणूस विरळा. लक्ष्मण दरवाज्याच्या जवळ वाटेच्या कडेला एक देऊळ आहे, एकाच खडकातून कोरून काढलेलं, आपल्याकडच्या मोठ्या देवघराएवढं, बारा फूट चौरस असेल नसेल. चतुर्भुज मंदिर. गुर्जर-प्रतिहार राजा मिहिर भोजाच्या काळात अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने ते करवलं. आत चार हातांचा विष्णू आणि भिंतीवर संस्कृत शिलालेख, विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६.

त्या लेखात शून्य आहे.

एकतीस वर्षं मी फळ्यावर शून्य काढत आले, आणि या शून्याचं चित्र पुस्तकात दाखवत आले. जाळीच्या दाराशी उन्हात बसलेल्या माणसाला विचारलं, "वो झीरो?" तो उठला, दार लोटलं, बोट दाखवलं आणि परत जाऊन उन्हात बसला. रोज येणाऱ्या वेड्यांची त्याला सवय असावी. शून्य लहानसं आहे. बाकीच्या आकड्यांपेक्षा लहान, ओळीच्या जरा मधोमध तरंगणारं, गोल. करंगळीच्या नखाने झाकलं जाईल एवढंच वाटलं.

लेख काय म्हणतो ते सांगितलं तर गंमत कळेल. देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. आणि रोज ५० हारांची सोय. संपलं. ब्रह्म नाही, माया नाही, शून्यातून विश्व निर्माण झालं वगैरे काही नाही. देवस्थानाचा जमाखर्च. २७० ला १८७ ने गुणलं, तोंडी, ५०,४९० चौरस हात येतात. हात दीड फुटाचा धरला तर अडीच एकराची बाग. आता त्या दोन ठिकाणचं शून्य पुसा. बाग २७ हात लांब, म्हणजे दहावा हिस्सा. हार ५. देवाला रोज पंचेचाळीस हार कमी पडले असते. कारकुनाने ते शून्य काही शोध लावला म्हणून कोरलेलं नाही. माळ्याने उद्या कमी फुलं आणून भागवू नये म्हणून कोरलंय. सासऱ्यांच्या आजोबांची दौत आठवली मला. तोही असाच कुणीतरी फडावर बसलेला माणूस असणार.

तिथे कुणी तुम्हाला "जगातलं सगळ्यांत पहिलं शून्य" सांगेल, तर मान डोलवा पण वहीत लिहू नका. कंबोडियात शके ६०५ चा, म्हणजे इसवी सन ६८३ चा शिलालेख आहे आणि त्या ६०५ मधलं शून्य टिंबाचं आहे. ग्वाल्हेरचं त्याच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी आलं. पण आपल्या देशात साल कोरलेलं आणि आज आपण काढतो तसं गोल शून्य जाऊन बघायचं तर हीच जागा. पहिलं नसलं म्हणून त्याचं काही अडत नाही, माझंही अडलं नाही.

वन्सं पायरीवर बसून पाणी पीत होत्या. "सापडलं?" म्हणाल्या. मी त्यांना आत नेऊन दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, परत पाहिलं. "एवढंसंच?" मग थोड्या वेळाने, "पन्नास हार रोज. फुलं कुठली असतील गं? जाई असेल, कण्हेर असेल." मी शिकवलं तेव्हा असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यावर आम्ही ग्वाल्हेर दरवाज्यापर्यंत बोलत गेलो.

९८ गुण. पूर्ण शंभर मी कुणालाच दिले नाहीत कधी. दोन अक्षराचे कापले, काही ओळी झिजल्या आहेत.

उताराच्या पायथ्याशी गुजरी महाल. मानसिंहाने मृगनयनी राणीसाठी बांधलेला, आता संग्रहालय. सोमवारी बंद असतं. ग्वाल्हेर संस्थानाचं पुरातत्त्व खातं उभं करणारे मो. ब. गर्दे यांनी ते उभारलं. गावोगावच्या मूर्ती गोळा करून नीट नोंदी ठेवणारा हा मराठी माणूस, त्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. ग्यारसपूरची शालभंजिका, एका स्त्रीची दगडी मूर्ती, इथे आहे. कुलपात असते, मागितली तर दाखवतात, आणि मागावीच. हात तुटलेत, पाय तुटलेत, तरी ती वळून कुणाला तरी काहीतरी सांगतेय असं वाटतं. बाघच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकलाही आहेत. मूळ लेणी आमच्याच बाजूला धार जिल्ह्यात, आणि आम्ही दोघींनी पाहिली नाहीत. जवळचं राहून जातं ते असं.

संध्याकाळी तानसेनची समाधी. वन्संसाठी सहलीतला हाच खरा मुक्काम होता, हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्या तरुणपणी गाणं शिकल्या, विशारदपर्यंत, मग संसारात राहिलं. त्यांच्या बाई ग्वाल्हेर घराण्याच्या. हद्दू खाँ, हस्सू खाँ इथले. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले, पुढे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचे शिष्य. म्हणजे आज मिरज-पुण्याकडे जे गाणं आपलं म्हणून गातात त्याचा उगम इथल्या गल्ल्यांत. कृष्णराव शंकर पंडित इथले, राजाभैया पूंछवाले इथले, भातखंड्यांनी माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९१८ मध्ये संगीताची शाळा काढली तीही इथे. वन्सं हे सगळं टॅक्सीत सांगत होत्या आणि मी पहिल्यांदा नुसती ऐकत होते.

मोठी घुमटाची इमारत सूफी संत महंमद गौसची, तिच्या दगडी जाळ्यांतून सांजेचं ऊन जमिनीवर पडतं ते बघायलाच जा. तानसेन तिच्या शेजारी, उघड्या ओट्यावर, साध्या छताखाली. जवळ चिंच आहे. तिचा पाला खाल्ला की गळा सुधारतो म्हणतात, आणि खाणारे एवढे झाले की मूळ झाड कधीच गेलं, हे नंतरचं. वन्संनी इकडेतिकडे पाहिलं, दोन पानं तोडली, एक मला दिलं. आंबट लागलं. मग त्या ओट्याच्या कडेला बसल्या आणि अगदी हलक्या आवाजात यमनची एक चीज म्हणाल्या, अस्ताई तेवढी. आवाज कापत होता, स्वर जागेवर होता. झाडलोट करणारा माणूस झाडू टेकवून उभा राहिला. संपल्यावर त्याने "और?" असं विचारलं आणि वन्सं लाजल्या. याला गुण देणं माझ्या अधिकारात नाही.

तिसरा दिवस लष्करात. राणी लक्ष्मीबाईच्या समाधीवर फुलं वाहिली. जून १८५८ मध्ये ती इथे पडली तेव्हा जयाजीराव आग्र्याला गेले होते, आणि त्यांची फौज राणीकडे. वन्सं माझ्याकडे बघून फक्त "हं" म्हणाल्या. महाराज बाडा हा चौक गर्दीचा, गोंगाटाचा, भोवतीच्या इमारती एकेक वेगळ्या घाटाच्या. गाड्यांमुळे मान वर करून बघायची सोय नाही, म्हणून पहाटे जा. नया बाजारात बहादुराच्या दुकानात बुंदीचे लाडू खाल्ले, साजूक तुपातले. अटलजी ग्वाल्हेरचेच, आणि हे लाडू त्यांच्या आवडीचे, हे तिथे सगळे सांगतात. जागा लहान, लाडू गरम. ९२.

दौलतगंजात पूजेच्या सामानाच्या एका दुकानाशी आम्ही आपसांत बोलत होतो, तर आतून आवाज आला, "या, बसा, कुठून येणं झालं आपलं?" ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, कानटोपी, समोर उदबत्त्यांचे पुडे. त्यांचे पूर्वज दौलतरावांच्या मागोमाग दक्षिणेतून आलेल्यांतले. त्यांच्या मराठीत "पैदा झालो", "मालूम आहे" असं येत होतं, आणि "आपण" शिवाय दुसरं संबोधन नव्हतं. चहा मागवला. मुलं पुण्याला, सुना पुण्याच्या, नातवंडं इंग्रजीत बोलतात. "इथे घरात आता मराठी समजणारे दोघंच. मी, न् आमचा कुत्रा. त्याला हिंदीत बोलावलं तर येत नाही तो." हसले आणि आम्हाला कापराच्या वड्यांचा डबा दिला, पैसे घेतले नाहीत. वन्संनी त्यांना सांगितलं नाही की आमच्या गल्लीतही आता असंच होत चाललंय. त्यांना ते माहीत असणार.

गजक शेवटी घ्या, गाडीच्या दिवशीच, आणि हिवाळ्यातच. तीळगुळाची ती वडी कुटून कुटून इतकी पदरदार करतात की तोंडात टाकल्यावर चावावी लागत नाही. मुरैनाची प्रसिद्ध आहे, ती ग्वाल्हेरात कुठेही मिळते. गुळाची घ्या, साखरेची नको. डब्याचं झाकण घट्ट बघा. आमचं नव्हतं. गाडी गुन्याला पोचायच्या आत अर्धा डबा संपला आणि वन्संच्या शालीवर तीळच तीळ. मी वही काढून दोघींचा हिशेब करत होते. त्यांच्याकडून ३४० रुपये येणं निघालं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, शाल झटकली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी बडोदा करू या का? गायकवाडांशी आपलं काही नव्हतं ना गं?"